एकशे चाळीस पानं

सतरावं पान बाहेर पडलं आणि प्रिंटर पुन्हा गप्प झाला. बुरमाकानने त्याचं झाकण उघडून आत पाहिलं. कागद अडकला नव्हता, शाई भरलेली होती. लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र तोच शब्द उमटला होता: ऑफलाइन. सकाळपासून तिसऱ्यांदा. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि जुन्या वहीत नोंद केली, दहा वाजून वीस मिनिटं. छत्तीस वर्षं नारिनच्या शाळेत तिने पदार्थविज्ञान शिकवलं होतं. यंत्र रुसलं म्हणून सोडून देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

खिडकीबाहेर अंगणात दोन युर्त, नमद्याचे गोल तंबू, उभे राहत होते. तिचा नवरा तोकतोसुन जाऊन उद्या वर्ष होणार होतं. उद्या घोडी कापली जाईल, तीन गावांतून माणसं जेवायला येतील, आणि जेवण झालं की प्रत्येक घराला हिरव्या पुठ्ठ्याचं एक पुस्तक मिळेल. ती पुस्तकं ओसरीत रचून ठेवली होती. घराण्याची वंशावळ, बारा पिढ्यांची. दीर असांकुल चार वर्षं त्यासाठी डोंगराडोंगरांतून हिंडला होता, आणि काम खरंच मेहनतीचं होतं. फक्त त्यात एकही बाई नव्हती. बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली मुलगे. तोकतोसुनच्या नावाखाली एकच नाव होतं, मेदेर. मेदेरहून पाच वर्षांनी मोठी असलेली कान्यशाय, ओशच्या दवाखान्यात माणसांची हृदयं उघडून शिवणारी, कुठेच नव्हती. जणू जन्मलीच नव्हती.

बुरमाकानने दिराला विचारलं होतं. बायकांची नावं त्यांच्या त्यांच्या बापांच्या वंशावळीत असतील, असं तो म्हणाला होता. त्या वंशावळी तिने पाहिल्या होत्या. तिथेही नव्हती.

मग वर्षभर तिने म्हाताऱ्यांच्या पायांशी बसून, कबरींचे दगड पुसून, जुने दाखले चाळून नावं गोळा केली. सासवा, आजेसासवा, लेकी. ती सगळी एका पानावर बसवली. उद्या पुस्तकं वाटायच्या आधी प्रत्येकात एक पान ठेवायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं. एकशे चाळीस पुस्तकं, एकशे चाळीस पानं. गावात छपाईचं एकच दुकान, ते असांकुलच्या जावयाचं. त्याने पान वाचलं आणि मशीन बिघडलंय म्हणून परत दिलं. मशीन त्याच्या पाठीमागे खडखडत होतं. राहिला हा घरचा प्रिंटर. त्याची तारेची खाच नातवाने कधीच मोडून टाकली होती, त्यामुळे तो चालायचा तो वाय-फायवरच.

मुलगा मेदेर येकातेरिनबुर्गहून निघाला होता आणि सरहद्दीवर मोटारींच्या रांगेत अडकला होता. तिने त्याला फोन लावला. आईला तो अपाच म्हणायचा.

"अपा, बंद कर, दहापर्यंत मोज आणि परत चालू कर."

"शंभरपर्यंत मोजलं."

"मग राउटर जवळ आणून ठेव."

"तो त्याच्या डोक्यावरच बसलाय. आणखी कुठं जवळ आणू, आत भरू?"

मेदेर हसला. मग म्हणाला, की राहू दे ना आता, उद्या एवढी माणसं येणार, उगाच काकांशी वाकडं कशाला.

"तुझी बहीण आहे त्या पानावर," बुरमाकान म्हणाली आणि फोन ठेवला.

बारा वाजता प्रिंटर आपोआप सुरू झाला. नऊ पानं काढून पुन्हा थांबला. ती वही घेऊन खिडकीत जाऊन बसली. आता ती यंत्राकडे बघतच नव्हती, घराकडे बघत होती. दहा वाजून वीस मिनिटांनी शेजारची सैकाल भांडी घेऊन आली होती. बाराला सगळ्या बायका आपापल्या घरी जेवायला गेल्या, तेव्हा पानं आली. सव्वाबाराला सैकाल परतली, सोबत तिघी, आणि प्रिंटर मेला. पाहुणा आला की बंद, पाहुणा गेला की चालू. असं वागणारं यंत्र तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

दोन वाजता बायका आज कापलेल्या मेंढ्यांची आतडी धुवायला नदीवर गेल्या. बुरमाकान दाराआड उभी राहिली. तिची सून बेगाइम हात पुसत ओसरीत आली, खिशातून फोन काढला, अंगठ्याने काहीतरी केलं. आतल्या खोलीत प्रिंटर घरघरू लागला.

म्हणजे ही. बुरमाकान दाराआडून पुढे झाली. घरातली सून दिराने फितवली होती. आजपर्यंत कधी उलट बोलली नाही ती पोर.

"किती दिवस चाललंय हे?"

बेगाइमच्या हातून फोन पडला.

"काकांनी सांगितलं का तुला, म्हातारीची पानं थांबव म्हणून?"

"नाही, अपा." तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. "पानांचं मला काही... प्रिंटर माझ्यामुळे थांबतो?"

"मग काय करतेस फोनवर?"

बेगाइमने फोन उचलून पुढे केला आणि मान खाली घातली. पडद्यावर वाय-फायचं नाव होतं. तोकतोसुनने स्वतःचंच नाव दिलं होतं त्याला, राउटर आणला त्या दिवशी, आणि आलेल्या प्रत्येकाला तो हौसेने सांगत असे.

"बायका येतात. आल्या की विचारतात, वाय-फायचं नाव काय," बेगाइम म्हणाली. "मला कसं सांगता येईल? सासऱ्यांचं नाव मी तोंडानं कसं घेऊ? म्हणून त्या आल्या की मी बदलते. पाहुणे, असं लिहिते. गेल्या की परत त्यांचं करून ठेवते."

"लिहून द्यायचं कागदावर."

"सैकाल वहिनींना चष्म्याशिवाय दिसत नाही. अंगणातून ओरडून विचारतात."

"मग परत कशाला बदलायचं? पाहुणेच राहू द्यायचं."

बेगाइमने फोनचा पडदा ओढणीला पुसला.

"वर्ष पण झालं नाही, अपा. घरातून नाव पुसलं असं तुम्हाला वाटलं असतं."

बुरमाकान ओसरीतल्या बाकावर बसली. प्रिंटर जुन्या नावाच्या मागे भाबड्यासारखा धावत होता. सापडलं की छापत होता, नाही सापडलं की गप्प. त्याच्यात काही बिघाड नव्हता.

तिच्या सासऱ्यांचं नाव तेमिर होतं, तेमिर म्हणजे लोखंड. या घरात सून म्हणून आली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. मुलं शिकवणीला घरी यायची. सासरे शेगडीजवळ बसलेले असायचे, आणि ती हातात लोहचुंबक धरून मुलांना सांगायची, ही काळी कठीण वस्तू बघा कशी ओढली जाते. मुलं हसायची. एकदा एका मुलाने परीक्षेत तसंच लिहिलं, आणि तिने त्याला पूर्ण गुण दिले होते. सासू तेव्हा म्हणाली होती, मोठी शहाणी सून मिळाली. त्या सासूचं नाव घरात कुणी कधी घेतलं नव्हतं. ते तिला गेल्या शरदात एका दगडावर सापडलं, शेवाळाखाली.

"घाबरायला काय झालं, नावच तर आहे," ती सुनेला म्हणाली. "हे बघ, मी घेते."

तिने तोंड उघडलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं, मेदेरचे वडील एवढंच म्हणायची. पानावर त्याचं नाव तिने स्वतः टाइप केलं होतं, अक्षर न चुकता. आता बेगाइम तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या घशातून नुसता श्वास बाहेर आला.

बुरमाकानने तोंड मिटलं. मग हात पुढे केला.

"आण तो फोन इकडे. कुठं बदलतात ते दाखव."

बेगाइमने दाखवलं. सासूने तर्जनीने एकेक अक्षर दाबलं. ते वाचून सुनेने फोन ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण म्हातारीची पकड घट्ट होती.

"अपा, नको. लोक हसतील."

"हसू देत. हसण्याआधी विचारावं तर लागेल."

प्रिंटरला नवीन नाव शिकवायला वीस मिनिटं गेली. त्याच्या बारक्या पडद्यावर बाण दाबत एकेक अक्षर शोधायचं, आणि एक चुकलं की सगळं पहिल्यापासून. दोन वेळा चुकलं. तिसऱ्या वेळी निळा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. बायका नदीवरून परतल्या, सैकालने अंगणातून हाक मारून काहीतरी विचारलं, आणि पानं येतच राहिली. वहीत नोंद करायचं बुरमाकानच्या लक्षात राहिलं नाही.

चारच्या सुमारास असांकुल घोडी बघायला आला. आत येऊन गालिच्यावर टेकला आणि सवयीने फोन काढला. तालासहून येणाऱ्या मंडळींना त्याला वाट पाठवायची होती. फोन इकडे केला, तिकडे केला. बुरमाकान कोपऱ्यात बसून एकेका हिरव्या पुस्तकात पान सारत होती. ते त्याने पाहिलं. त्याच्या भुवया वर गेल्या, पण भोवती माणसं होती, त्याने पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

"सूनबाई," चहा ओतत असलेल्या बेगाइमला त्याने विचारलं, "वाय-फाय सापडत नाही. दादाचं नाव दिसत नाही इथं. काय नाव ठेवलंत?"

बेगाइमने सासूकडे बघितलं. सासूने वर मान केली नाही. तिने पुढचं पुस्तक ओढलं.

"बेगाइम," सून म्हणाली.

"ही कोण?"

नऊ वर्षं तो या घरात येत होता, नऊ वर्षं तिच्या हातचा चहा पीत होता. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या थांबल्या.

"मी, काका."

असांकुलने तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. खिशातून चष्मा काढला, काचा सदऱ्याला पुसल्या आणि डोळ्यांवर चढवला. त्याचा जाडा अंगठा पडद्यावर अधांतरी थांबला. आतल्या खोलीत प्रिंटर एकामागून एक कागद बाहेर ढकलत होता.

"परत सांग," तो म्हणाला.

बेगाइमने चहाची वाटी खाली ठेवली आणि अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात परत सांगितलं.