तांदळातलं नाव

आश्विनातलं ऊन सड्यावर उतरतं ते दबकत उतरतं. चार महिने पाणी पिऊन तृप्त झालेला, काळाजांभळा, जलधौत, विस्तीर्ण कातळ. त्याच्या खाचाखोचांत सोनकीचा पीतप्रकाश, सीतेच्या आसवांची निळाई, आणि कडेकडेने रानमुगाच्या वेली. वाऱ्याला समुद्राचा खारटपणा. असं ऊन, असा वारा, असा रंग वर्षातून दहा-बारा दिवस. मग सगळ्याचं गवत होतं आणि गुरं ते खाऊन टाकतात.

या वेलींवर एक किडा राहतो. हरितवर्ण, ढालपाठीचा, नखाएवढा. चिमटीत धरला तर असा वास सोडतो की काही विचारू नका! आणि त्या किड्याच्या उदरात, ओल्या अंधाराच्या घडीत, दृष्टीला अगोचर असा एक जीवाणू राहतो. ना त्याला रंग, ना आवाज, ना नाव. किडा शेंगेचा निकस रस शोषतो. हा जीव तो रस सकस करतो. युगानुयुगं दोघांचा असा संसार चाललेला, आणि सड्याखालच्या गावाला त्याचा पत्ता नव्हता.

पत्ता होता दोघींना. गावातल्या कॉलेजात जीवाणू शिकवणाऱ्या डॉक्टर वृंदा केळुसकर, आणि त्यांच्या प्रयोगशाळेत काचा धुणाऱ्या, किड्यांच्या बरण्यांत रोज ताज्या शेंगा घालणाऱ्या सुहासिनी घाडी. एक अठ्ठावन्न वर्षांची, एक पंचावन्नची. एकीच्या बोटांना शाईचा डाग, दुसरीच्या बोटांना साबणाच्या भेगा. सहा वर्षं दोघी एकाच खिडकीच्या उजेडात बसत होत्या, आणि तरी सुहासिनीने 'बाईनू' म्हणायचं आणि वृंदाबाईंनी 'सुहासबाई', यात बदल झाला नव्हता.

आता दिवस थोडे उरले होते. कार्तिकअखेर वृंदाबाई निवृत्त होणार, या खोलीत संगणक येणार, बरण्या रिकाम्या होणार. त्याआधी या जीवाला नाव मिळायला हवं होतं. वृंदाबाईंना दुसरं काही नको होतं. हे मात्र हवं होतं, अगदी जिवाच्या आकांताने हवं होतं.

पण नाव म्हणजे काय वाटेवर पडलंय? शास्त्राची रीत कडक. जीवाणू यजमानाच्या पोटाबाहेर, काचेच्या ताटलीत, एकटा वाढला पाहिजे. त्याचे जिवंत नमुने दोन देशांतल्या संग्रहांत ठेवले पाहिजेत. तेव्हा कुठे नाव पक्कं. नाहीतर नावाच्या आधी एक शब्द चिकटतो, कॅन्डिडेटस. म्हणजे उमेदवार. म्हणजे अजून दारातच उभा.

तीनशे बारा ताटल्या झाल्या. दुधाळ ताटल्या, मधाळ ताटल्या, शेंगेच्या रसाने हिरवट झालेल्या पारदर्शक ताटल्या. दर सोमवारी आशा, दर गुरुवारी शुकशुकाट. हाती म्हणून लागत नव्हता तो जीव! वृंदाबाई ताटली उजेडाकडे धरायच्या, बघायच्या, आणि सुहासिनीकडे धुवायला द्यायच्या.

त्या आश्विनात त्यांनी एक घोटाळा केला, आणि तो त्यांच्या जातीचा घोटाळा होता; आयुष्यभर स्वच्छता शिकवणाऱ्या माणसाचा. परके जंतू मध्ये यायला नकोत म्हणून किड्यांची अंडी औषधाच्या पाण्याने निर्मळ धुतली. निष्कलंक, शुभ्र, मोत्यांच्या सरीसारखी अंडी. पिल्लं बाहेर आली, आणि फिकट पडली, आणि ताज्या शेंगांवर बसून उपाशी असल्यासारखी एकेक करून गळली.

सुहासिनीने बरणीत डोकावून कपाळाला हात लावला.

"बाईनू, कित्याक धुवलास ती? आवशीन पोरांसाठी जा काय ठेवलेला, तां तुमी धुवन टाकलास!"

मग तिने दुसरी, न धुतलेली बरणी पुढे ओढली. अंड्यांवर तपकिरी, चिकट, कळेल-नकळेल असा लेप. नुकती जन्मलेली पिल्लं शेंगेकडे ढुंकूनही न बघता त्या लेपावर सोंड टेकवून बसलेली. एक घटका, दोन घटका, निश्चल, एकाग्र. सुहासिनी हे गेली सहा वर्षं रोज बघत होती. कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

वृंदाबाईंनी लेपाचा कण काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. लेपात तोच जीव होता! आई जाताना अंड्यांवर त्याला ठेवून जाते, लेकरू जन्मताच त्याला पोटात घेते, मोठं होऊन आपल्या अंड्यांवर ठेवून जातं. मातेकडून कन्येकडे, पोटातून पोटात, कधीच एकटा नाही, कधीच उघड्यावर नाही. एकट्याने जगायला जे लागतं ते सारं त्याने केव्हाच टाकून दिलेलं. तो ताटलीत वाढणार कसा? आनंदाने त्यांचे डोळे भरले, आणि त्याच क्षणी त्यांना उमगलं की आता पक्कं नाव मिळत नाही.

सुहासिनीला हे पटेना.

"आवशीशिवाय जगणा नाय म्हणान नाव नाय? ह्यो खयचो न्याय? जगता मा? मगे नाव व्हया."

"मिळेल, पण उमेदवाराचं," वृंदाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "अकरा वर्षं मी तासिकेवर शिकवलं, सुहासबाई. दर जूनला नवा अर्ज. दर जूनला मी उमेदवार. तो शब्द मी याच्या कपाळावर लिहायची नाही, नाव नसलं तरी चालेल!"

बाहेर सोनकी हलत होती. नळाखाली ताटल्यांचा किणकिणाट चालू होता. सुहासिनी पाठमोरीच हसली.

"नावाचा काय घेवन बसलास बाईनू. माजा छत्तीस वर्सांमागे लग्नात बदलल्यानी. ताटात तांदूळ पसरले, घोवान आंगठीन लिवल्यान सुहासिनी, झाला. आदी मी द्वारकी. सांजेक आवस सड्याच्या कडेक उभी रवान हाक मारी, द्वारके गोऽऽ. आवस गेली, भाव गेलो. आता तां नाव जाणता असा कोण रवला नाय."

तिने हे दुःख म्हणून सांगितलं नाही. ताटली झटकली, फडक्यावर पालथी घातली आणि दुसरी घेतली.

पण ते वाक्य वृंदाबाईंच्या मनात घर करून बसलं. दोन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. कागदावर पक्कं असलेलं नाव, आणि कोणी हाकच मारत नाही असं नाव. कुठलं अधिक बेघर? नाव दिलंच नाही, तर कार्तिकानंतर हा जीव पुन्हा त्या ओल्या अंधारात निनावी, आणि तोही कशामुळे, तर एका म्हाताऱ्या मास्तरणीच्या जुन्या रागामुळे! त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेख पूर्ण केला आणि तो नकोसा शब्द स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरांत, नावाच्या आधी लिहिला.

लेख स्वीकारल्याचं पत्र आलं ते त्यांच्या शेवटच्या आठवड्यात. सडा तेव्हा पिवळा पडला होता, फुलं संपली होती, वेलींवर वाळल्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या. वृंदाबाईंनी पत्रातल्या ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचून दाखवलं. कॅन्डिडेटस द्वारकेला. इवल्या जीवांच्या नावाला लॅटिनमध्ये 'एला' असं लाडाचं शेपूट लावतात, त्या म्हणाल्या. म्हणजे छोटीशी द्वारकी.

सुहासिनीने पदराला हात पुसले. पुन्हा पुसले. पिशवी उचलून ती घरी निघून गेली. वृंदाबाई तिच्यामागे दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. विचारायला हवं होतं, त्यांना वाटलं. कोणाचं नाव असं न विचारता घ्यायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. ठेवणीतलं लुगडं, पदराच्या गाठीत मूठभर तांदूळ. फडताळातून तिने काचेची एक ताटली काढली, त्या तीनशे बारांतली एक, तिनेच धुतलेली. तांदूळ ओतले, तळव्याने सारखे केले, ताटली वृंदाबाईंपुढे सरकवली.

"लिवा."

वृंदाबाईंच्या बोटात अंगठी नव्हती, कधीच नव्हती. त्यांनी शाईचा डाग पडलेलं बोट तांदळात टेकवलं. ताटली लहान, अक्षरं मोठी. शेवटची वेलांटी काठाशी दाटीवाटीने बसली. शुभ्र कणांमधून काच चमकली, द्वारकी.

सुहासिनी बराच वेळ बघत राहिली. मग पाठ फिरवून ती खिडकीशी गेली, सड्याकडे तोंड करून उभी राहिली.

"आता हाक मारा."

वृंदाबाईंना हाक मारायची सवय नव्हती; हजेरी घ्यायची होती. मग त्यांनी घसा खाकरला, आणि कधी कोणाला मारली नव्हती अशी, लांब, खुळी, सांजेची हाक भर सकाळी मारली.

"द्वारके गोऽऽ!"

बरणीत हिरवे किडे शेंगांवर शांत बसले होते. बाहेर पिवळं गवत वाऱ्याने एका अंगाला कललं, पुन्हा उभं राहिलं. आणि खिडकीतून, सड्याकडे बघत, छत्तीस वर्षांनी, द्वारकीने ओ दिली.