आवाज येतोय, चित्र नाही

"आवाज येतोय की! मग चित्राला काय झालं?" असं म्हणत उमाबाईंनी काउंटरवरचा मीडिया प्लेअरचा डबा शिवकुमारच्या पुढ्यात सरकवला.

शिवकुमार लातुरात टीव्ही, मिक्सर, असलं सगळं दुरुस्त करतो. त्यानं डबा दुकानातल्या टीव्हीला जोडला, पेनड्राइव्ह खुपसला. पडदा काळाच. त्या काळोखातून मंत्र आले, ताटं वाजली, मग एक पुरुषी आवाज आला, "या, या, इकडून या, हॉल बघा."

"संगमेश्वर," उमाबाई मला म्हणाल्या. शेजारच्या पोराचा आवाज मला ओळखू येणार नाही की काय! पण आठवडाभर त्या तेवढ्या आवाजावरच होत्या. आता चहा देत असतील, आता सूनबाई हसली, असं मला भिंतीपलीकडून सांगायच्या.

"मावशी, डबा जुना हाय, व्हिडिओ नव्या एचडीचा. ह्याला आवाज कळतो, चित्र कळत न्हाई," शिवकुमार म्हणाला. "नवा घेऊन टाका."

"न्हाई. ह्यांनी घेतलेला हाय."

ह्यांनी म्हणजे मन्मथअप्पांनी. डाळमिलमध्ये वजनकाट्यावर होते. रात्रपाळी नसली की या डब्यावर सिनेमे बघायचे.

"मग आतलं सॉफ्टवेअर बदलून बघतो. पर जुनं समदं पुसलं जाईल."

पुसण्यासारखं एकच होतं. अप्पा गेले तेव्हा एक सिनेमा अर्धा राहिला होता. त्यांचा पेनड्राइव्ह लावला की डबा विचारायचा, राहिला तिथून पुढे दाखवू का? उमाबाई उत्तर न देता बटण बंद करायच्या. पण विचारतोय, एवढ्यानं त्यांना बरं वाटायचं.

"पुसू दे," त्या म्हणाल्या. "पोराचं घर दिसलं पायजे."

संगमेश्वरनं पुण्याला घर घेतलं, त्याची वास्तुशांती झाली. आईला त्यानं फोनवर सांगितलं, "गर्दी हाय, तुझे हाल होतील. मागून निवांत ये." मग व्हिडिओचा हा पेनड्राइव्ह धाडून दिला. उमाबाईंनी गल्लीत सांगितलं, गुडघा दुखतो म्हणून गेले नाही. कस्तुराबाई नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "गाडी धाडली असती तर गुडघा पन गेला असता." तेव्हापासून उमाबाईंच्या डोक्यात एकच. त्या घरात आपलंही काही आहे, हे गल्लीनं डोळ्यांनी बघावं. माझा मोबाईल पुढे केला तर म्हणाल्या, "एवढ्याशा काचंत कुणाला काय दिसंल? टीव्हीवर बघू. समद्यांसंगं."

आणि खरोखर त्यांचं तिथं काही होतं. साडी.

आमच्याकडं आहेराची साडी दोन तऱ्हेची असते. द्यायची आणि नेसायची. द्यायचीची घडी कुणी मोडत नाही. ती या घरातून त्या घरात फिरत राहते आणि एखाद्या वर्षी आपल्याच दारात परत येते. उमाबाईंनी सुनेसाठी नेसायची घेतली. मोरपंखी रंग, डाळिंबी काठ. दुकानदाराला घाम फोडला. वर माझ्याकडून हातानं फॉल लावून घेतला आणि मग ती पुण्याला धाडली. द्यायच्या साडीला कुणी फॉल लावत नाही. तेवढ्यावरून सुनेला कळायला हवं होतं.

शिवकुमारनं काम सुरू केलं. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या चालीनं सरकू लागली. "आता लाइट गेली की डबा खलास," तो म्हणाला. उमाबाईंनी हात जोडले. लाइट गेली नाही. पट्टी भरली, डबा एकदा विझून पेटला आणि पुण्याच्या दाराचं तोरण असं दिसलं की पान न् पान मोजून घ्यावं.

रविवारी दुपारी गल्लीतल्या बाया जमल्या. उमाबाईंनी चिवडा केला होता, चहाचं आधण ठेवलं होतं. टीव्हीच्या समोरची जागा त्यांनी मुद्दाम कस्तुराबाईला दिली.

"अगं, पूजेच्या स्वामींच्या कपाळावरची भस्माची बोटं दिसायलीत!"

"सूनबाई जाड झाली का हो?"

"सुखाची हाय," उमाबाई ऐटीत म्हणाल्या.

सून जांभळ्या पैठणीत होती. उमाबाईंनी ते बघितलं, मी बघितलं. म्हटलं, पूजेला पैठणी, जेवणाला मोरपंखी नेसली असेल. हॉल झाला, देवघर झालं. कॅमेरा स्वयंपाकघरात शिरला. गुळगुळीत ओटा, कपाटं, आणि सिंकपाशी पाठमोरी उभी राहून एक वाळकी बाई पातेलं घासत होती. मोरपंखी साडी, वर खोचलेली. डाळिंबी काठ ओला झालेला.

मी रिमोटसाठी हात घातला. तो कस्तुराबाईच्या मांडीखाली होता.

"आता गं बाई," कस्तुराबाई म्हणाली. "ही तर तुमची साडी. मला दावली न्हवती का तुम्ही?"

चिवडा चावायचे आवाज थांबले.

"हाव, माझीच," उमाबाई म्हणाल्या. "मीच सांगितलं सुनंला. घरात जिचे हात राबतेत, पयला मान तिचा."

"भारीतली होती की पर."

"मग? कामवालीला काय हलकी द्यावी?"

चहा पिऊन बाया एकेक करत उठल्या. कुणाचं दळण राहिलं होतं, कुणाचं पोर एकटं होतं. कस्तुराबाई सगळ्यांत शेवटी उठली. जाताना न सांगता आपली कपबशी विसळून पालथी घातली. तिनं असं कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी डबा बंद करायला वाकले.

"राहू दे रेणुके. अजून हाय पुढं."

पुढे पंगत होती. माणसं हसत होती, कुणी ओळखीचं नव्हतं. मग संगमेश्वर आला. हातात बुंदीचं ताट, कॅमेऱ्याकडे बघून लाजल्यासारखा हसला. उमाबाई सरकत सरकत टीव्हीच्या अगदी पुढ्यात गेल्या.

"थांबव."

मी थांबवलं.

"केस पिकले की गं ह्याचे."

"हाव, काकू."

"फोनवर कळत न्हाई," त्या म्हणाल्या आणि पदराचं टोक बोटावर घेऊन त्यांनी पडद्यावरची त्याच्या कानाजवळची जागा पुसून बघितली.