उंबऱ्यापुढचा आकडा

माझी बायको माधवी गेल्याचा फोन दुपारी आला, ती गणित शिकवायची त्या शाळेतून. सकाळीच तिने भेस्तानच्या आमच्या दारात रांगोळी काढली होती आणि खाली रोजच्यासारखा आकडा लिहिला होता.

या घरात आलो तेव्हा तिने एकपासून सुरुवात केली. कालच्या आकड्यात त्याच्याच अंकांची बेरीज मिळवायची, की आजचा आकडा तयार. एक, दोन, चार, आठ, सोळा. सोळातले एक आणि सहा मिळून सात, म्हणून पुढे तेवीस.

"हे संपणार कधी?" मी विचारायचो.

"संपत नाही हो. फक्त कालचा पुसण्याआधी वाचायचा."

तिला नेल्यावर शेजारच्या हंसाबेननी रीतीप्रमाणे घर धुतलं, दारही धुतलं.

तेरावं झाल्यावर मुलगी अनुजा रांगोळीचा डबा घेऊन बसली. "पप्पा, शेवटचा आकडा कोणता होता?"

मला आठवेना. हंसाबेनना विचारलं, तर त्यांना रडू फुटलं; पाणी ओतताना त्यांनी आकडा पाहिलाच नव्हता. "मने शुं खबर, जयंतभाई? में तो पाणी नाख्युं."

दिवस मोजूनही उपयोग नव्हता. सुतकात किंवा गावी गेल्यावर माधवी आकडा लिहीत नसे.

"एकपासून करत जाऊ," अनुजा म्हणाली. "वाटेत तो येईलच ना?"

"येईल. पण तोच तो, हे कळणार कसं?"

तिने रांगोळी पूर्ण केली. खाली आकडा लिहायचा अजून राहिला आहे.