रस्त्याकडचा अर्धा तुकडा

मित्रांनो, मी एक जुनं पेरणीयंत्र आहे. यंत्रांनी वैतागू नये म्हणतात, पण माझ्या जागी येऊन बघा. माझा जन्मच मुळी नांगरट टाळण्यासाठी झाला. लोहाराने मला नऊ धारदार चकत्या लावल्या, त्या कशासाठी? कापणीनंतरची धसकटं आणि काड तशीच ठेवून त्यांतून मातीत चीर पाडावी, चिरेत गहू सोडावा आणि पुढे जावं, यासाठी. एका फेरीत काम फत्ते.

एवढी साधी गोष्ट या घरात फक्त सूनबाईंना कळली. त्यांनीच मला आणलं. त्यांचे सासरे मात्र पहिल्या दिवसापासून नाक मुरडत.

“हे शेत आहे की उकिरडा?” ते म्हणायचे. “लोक म्हणतील, म्हातारा आळशी झाला.”

“बाबा, काड म्हणजे जमिनीचं पांघरूण. ओल टिकते, माती जागेवर राहते. थोडा दम धरा,” सूनबाई म्हणायच्या.

पहिल्या वर्षी गहू जेमतेम शेजाऱ्यांइतकाच झाला. दुसऱ्या वर्षी पावसाने दडी मारली, आजूबाजूचं पीक करपलं आणि आमचा दाणा टपोरा भरला. डिझेलही पूर्वीच्या पाव हिश्शात भागलं. तेव्हा सासरेबुवा माझ्या पाठीवर थाप मारून गेले होते. मला वाटलं, जिंकलं.

कसलं काय! तिसऱ्या वर्षी पेरणीच्या तोंडावर सूनबाई बहिणीच्या बाळंतपणाला गेल्या, आणि इकडे सासरेबुवांचे लेकीकडचे व्याही येणार असल्याचा निरोप आला. आता त्यांना ती धसकटं बघवेनात. छपरीतला नांगर काढून त्यांनी शेताचा रस्त्याकडचा अर्धा तुकडा लख्ख नांगरला. मागचा अर्धा राहू दिला, कारण तो रस्त्यावरून दिसत नाही. मला तर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं, पण ते लोहाराने दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस कोसळला. मागच्या तुकड्यात तो मुकाट मुरला. पुढच्या तुकड्यातली मोकळी माती मात्र वाहत थेट रस्त्यावर आली, आणि व्याह्यांची गाडी नेमकी तिथेच रुतली. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ते घरी चालत आले.

“तुमची माती फार मऊ आहे हो,” ते म्हणाले.

सूनबाई परतल्या तेव्हा सासरे रस्त्यावरचा गाळ घमेल्यात भरून शेतात टाकत होते.

“एवढी पसरली की झालं ना पहिल्यासारखं?” त्यांनी विचारलं.

“माती येईल, बाबा. तिच्यातली दोन वर्षं नाही येणार.”

त्यांनी घमेलं खाली ठेवलं. मग छपरीत आले, नांगर ट्रॅक्टरला जोडायची खीळ काढली आणि सूनबाईंच्या हातात ठेवली.

“ही तुझ्याकडेच राहू दे. माझा मला भरवसा नाही.”

मित्रांनो, मला वंगण द्यायला विसरलात तरी चालेल. पण कोणी पाहुणे येणार म्हणून जमिनीचं पांघरूण ओढू नका. ते पुन्हा घालायला पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते, आणि ती मलाच करावी लागते.