कर्जतचा बॉस्को

सोलो सुरू होण्याआधी साईनाथकाका उजवा पाय एकदा हलकेच आपटत. मुंगी चिरडावी, इतपतच. मग डोळे मिटत आणि गिटारमधून तो आवाज निघे. जाड, ओलसर, शेवटाला किंचित थरथरणारा. मांडवामागे चुलीशी बसलेल्या बायकासुद्धा हातातलं काम थांबवून म्हणत, "आला बगा कर्जतचा बॉस्को." जुन्या हिंदी सिनेमांत गिटार वाजवणाऱ्या बॉस्को डिमेलोचा आवाज जसाच्या तसा काढणारा माणूस कर्जत-खालापुरात एकच होता, आणि तो दहिवलीच्या बेंजो पार्टीत होता.

विनिता सातवीत असल्यापासून त्यांच्याकडे शिकत होती. आता ती अकरावीत होती. काकांचं पाय आपटणंही तिने उचललं होतं. ते त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण ज्याच्यासारखं व्हायचं त्याचं सगळंच मूल उचलतं, बसणं-उठणंसुद्धा.

दर रविवारी काकांच्या ओटीवर पोरं जमायची. काका मन लावून शिकवत. बोट चुकलं तर ओरडत नसत, धरून जागेवर ठेवत. दहा वेळा चुकलं तर दहा वेळा ठेवत. घरी मात्र गिटारचा आवाज बाहेर काढणारा मोठा अँप कधी लावत नसत. "तो मांडवात ऐका. हितं शेजारी बोंबलतील." पोरांसाठी एक छोटा डबडा अँप होता, त्यावर विनिता वाजवायची. सूर बरोबर, ठेका बरोबर, आवाज मात्र पातळ ताकासारखा.

"काका, तुमच्यासारखा का नाय येत?"

"आवाज बोटात असतो गं विने. तुझं बोट अजून कच्चं हाय."

मग तिने बोटं पक्की करायला घेतली. रोज झोपताना तुरटीचं पाणी लावलं. बारीक तारा काढून जाड बसवल्या. टोकं फुटली, त्यांवर घट्टे आले, घट्टे सोलले, पुन्हा आले. आई म्हणायची, "भांडी घासताना हात झोंबतात तुजे, आन् तारा दाबताना नाय?" विनिता हसायची. पण रविवार आला की पुन्हा तेच ताक आणि काकांचं तेच उत्तर.

यंदा पार्टीच्या मालकाने, ढोलकीवाल्या रूपेशने, तिला एक गाणं द्यायचं कबूल केलं. खालापूरजवळच्या एका हळदीत, मध्यंतरानंतरचं पहिलं. विनिताने मनाशी ठरवून टाकलं होतं. मांडवातही तो आवाज आला नाही, तर तो आपल्या बोटांत नाहीच. मग गिटार काकांच्या हवाली करायची आणि परत त्या ओटीवर पाय ठेवायचा नाही. हे तिने फक्त आईला सांगितलं होतं.

पाहुणे लांबचे होते, म्हणून हळद दुपारी चारलाच सुरू झाली. आपल्याकडे पहिल्या गाण्याआधी घरची बाई वाद्यांना हळदकुंकू लावते. नवऱ्या मुलाची आत्या, इंदूबाई, ढोलकीला लावून, कीबोर्डला लावून काकांच्या मोठ्या अँपपाशी आली आणि तिने त्याच्यासमोर नारळच ठेवला. तो अँप खुद्द बॉस्कोने वापरलेला, असं काका सांगत. लोक त्याला हात लावून तो कपाळाला लावत. त्याची राखण त्या दिवशी विनिताकडे होती. "कुणी हात घातला तर माज्याशी गाठ," काकांनी बजावलं होतं. अँपच्या लाल दिव्याशेजारी ती खुर्ची टाकून बसली. एवढा मान तिला आजवर कुणी दिला नव्हता.

तिसरं गाणं रंगात होतं. काकांनी पाय आपटला, डोळे मिटले, सोलो सुरू झाला. तेवढ्यात इंदूबाई पंखा काखेत मारून आली.

"सरक गं पोरी. म्हातारी घामानं पार वितळली."

"आत्या, हितला प्लग नका..."

"मंग काय तुज्या गिटारीनं वारा घालू तिला?" म्हणत तिने अँपचा प्लग उपटला आणि पंख्याचा खुपसला.

अँपचा लाल दिवा गेला. विनिता ताडकन उठली. आता गाणं मध्येच तुटणार, काका वळून बघणार.

गाणं तुटलं नाही. काका वाजवतच होते. तोच जाड, ओलसर आवाज दोन्हीकडच्या मोठ्या स्पीकरमधून येत होता. पोरं नाचत होती. तिने अँपवर तळहात ठेवला. आतून काहीच येत नव्हतं, रिकाम्या डब्यासारखं. ती वाकली. उपटलेली विजेची वायर सोडली तर अँपच्या मागे एकही वायर लावलेली नव्हती.

मग काकांच्या गिटारमधून निघालेल्या वायरीवर तिची नजर चालत गेली. वायर त्यांच्या पायाशी अंथरलेल्या टॉवेलखाली शिरत होती आणि दुसऱ्या बाजूने निघून थेट साउंडवाल्याच्या मिक्सरकडे जात होती. पाय घसरू नये म्हणून टाकतो, असं काका त्या टॉवेलबद्दल सांगत. साउंडवाल्याने तिला बघताना पाहिलं आणि मान फिरवली. त्याला ठाऊक होतं. म्हणजे रूपेशलाही ठाऊक असणार. पार्टीत ठाऊक नसलेली ती एकटीच होती.

मध्यंतर झालं, लोक पंगतीला गेले. विनिताने टॉवेल उचलला. खाली पाटाएवढा काळा प्रोसेसर होता, वर बटणांची रांग. चौकोनी पडद्यावर नाव होतं: बॉस्को, सोलो. तिने बोटाने सरकवत नेलं तर एकामागून एक नावं येत गेली. देशातले, परदेशातले, तिने फोनवर ऐकलेले सगळे मोठे वादक एकेका बटणाखाली निजले होते. कुणीतरी कुठेतरी बसून त्यांचे आवाज बनवून ठेवले होते. बटण दाबलं की तो माणूस हजर.

"ठेव तो टॉवेल." काका मागे उभे होते.

"ह्यो कवापासून हाय, काका?"

"अँप जळला तवापासून. लई वर्सं झाली. हळू बोल, लोकं हायत."

"मी तुरटी लावीत व्हते."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "बोटाचं बी असतंच गं काम. सगळं काय ह्या डब्यात नसतं."

"मंग मला दाखवला का नाय डबा?"

काकांनी वाकून पडद्यावर बॉस्कोचं नाव परत आणलं. "हे बग, तुज्या गाण्याला बी लाव हेच. नाय दाबलं तर साधा आवाज, हितं पायानं दाबलं की बॉस्को. कुणाला काय कळत नाय."

"मला नको तुमचं बटण. मी साधाच वाजवीन."

रूपेशने ढोलकीवर थाप मारून हाक दिली. वायर एकच होती, ती काकांच्या जागेवरच. विनिता तिथे जाऊन उभी राहिली. काका खाली उतरून पहिल्या रांगेत, रविवारच्या पोरांमध्ये बसले. टॉवेल पुन्हा जागच्या जागी होता.

तिने गाणं धरलं. आवाज पातळ, ओटीवरचाच. ठीक आहे, तिला वाटलं, निदान माझा आहे. मुखडा झाला, अंतरा झाला. रूपेशने ढोलकीचा ठेका वाढवला, सोलोची जागा आली. तिने डोळे मिटले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तिचा उजवा पाय एकदा हलकेच आपटला गेला.

टॉवेलखाली काहीतरी खट्ट दबलं.

तिच्या हातातून तो आवाज निघाला. जाड, ओलसर, शेवटाला थरथरणारा. क्षणभर तिची बोटं बिचकली, पण थांबली नाहीत. पंगतीतून कुणीतरी ओरडलं, "अरं, साईनाथ वाजवतोय का पोरगी?" इंदूबाई वाढायचं भांडं हातात घेऊनच नाचायला लागली. पोरं उभी राहिली. विनिता एकेक सुराकडे कान लावून ऐकत होती. कुठे कच्चं आहे, कुठे उणं आहे, शोधत होती. कुठेच काही उणं नव्हतं.

आणि वाजवतावाजवता तिला जे उमगलं, ते डबा सापडण्यापेक्षा वाईट होतं. बोटं काही आज एकाएकी पक्की झाली नव्हती. ती केव्हाच झाली होती. ओटीवर समोर बसून दर रविवारी हे कुणाला ऐकू येत असणार?

गाणं संपलं. टाळ्या, शिट्ट्या. शिष्याने पहिल्यांदा वाजवलं की गुरूच्या पाया पडायचं असतं. इंदूबाईने काकांना हाताला धरून वर आणलं, त्यांच्या हातात नारळ दिला. "पड गं पाया. काय तयार केलीया पोरगी!" साऱ्या मांडवाचे मोबाइल वर झाले.

विनिता काकांच्या अगदी जवळ गेली. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिने विचारलं, "माजं बोट कवा पक्कं झालं, काका?"

काकांनी नारळ छातीशी धरला. मग म्हणाले, "आठवीत व्हतीस तू."

"आन् मला सांगितलं नाय."

"तुला डबा दिला असता, तर मला कोण बोलावणार व्हतं गं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, हे तिला कळलं. ज्या हातांनी तिची बोटं इतक्यांदा जागेवर ठेवली, तेही खोटे नव्हते. त्यामुळेच जास्त दुखलं.

ती वाकली. मोबाइल आणखी वर झाले. तिने गिटारची वायर काढून ठेवली, गिटार पाठीला लावली आणि उभी राहिली.

"पाया पड ना," रूपेश दातांखाली म्हणाला. "लोकं काय म्हनतील?"

"पुढच्या हळदीला मी वाजवीन, रूपेशदादा," विनिता म्हणाली. "पण डबा उघड्यावर ठेवायचा. नसंल जमत तर दुसरी पार्टी बघते."

मांडवाच्या कडेने ती खाली उतरली. रविवारची पोरं तिच्याभोवती गोळा झाली, सगळी एकदम विचारायला लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही. वर काका हातातला नारळ कुठे ठेवावा हे न समजून तसेच उभे होते.