साडूची चेन-पुली

तुम्हाला पटणार नाही, शपथ घेऊन सांगितलं तरी पटणार नाही. पण दीड टनाचं लेथ मशीन मी एकट्याने उचलून नव्या गाळ्यात नेलं. आणि साडूच्या चेन-पुलीला बोटसुद्धा न लावता!

घराच्या ओट्यावर माझ्यासमोर बसलेला ओळखीचा वेल्डर चहाचा कप घेऊन पुढे सरकला. त्याला एवढंच माहीत होतं की जुना गाळा रविवारी पाडणार होते आणि शनिवारपर्यंत मशीन हललं नसतं, तर माझं पोट भिंतीखाली गेलं असतं.

"भाऊजींकडे मागा की," घरची तीनतीनदा म्हणाली. भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, माझा साडू. त्याच्याकडे साखळी ओढून दोन टन उचलणारी चेन-पुली, ती टांगायला तीन पायांची लोखंडी घोडी, ओझ्याला बांधायचे रुंद पट्टे. सगळं तेल पुसून, खुंटीला टांगलेलं! "भाऊजींचं कसं सगळं जागच्या जागी असतं!" हे वाक्य मी लग्नापासून ऐकतोय. त्याची पुली माझ्या दारात आली असती, तर ते मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं.

म्हणून मी गावभर फिरलो. भाड्याची क्रेन गल्लीच्या तोंडाशीच अडली. फोर्कलिफ्टवाला दार बघून हसला आणि चहा पिऊन गेला. ट्रकवाल्याने जॅक दिला. तो मशीनखाली लावला, तर तेल गाळत माझ्यासमोर हळूहळू खाली बसला, जावई रुसावा तसा.

"मग?" वेल्डर म्हणाला.

"मग काय, डोकं चालवलं. घरचीला दिली बहिणीकडे पाठवून. पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या बारा ट्यूबा आणल्या, पहारीने मशीन रेटत एकेक खाली सारली आणि कॉम्प्रेसर सुरू केला. मशीन असं वर आलं, असं वर आलं, की छताला टेकेल म्हणून मी थोडी हवा सोडली!"

"आणि तोल? लेथ डोक्याकडे जड असतं. गिअरचा सगळा डबा त्याच टोकाला."

मला कोणी लेथ शिकवायला लागलं की माझं पित्त खवळतं.

"मला सांगतोस? पहिल्यांदा उचललं तेव्हा डोकं खाली झुकलंच. लगेच खाली टेकवलं. पट्टा मधोमध ठेवायचा नसतो, हातभर डोक्याकडे सरकवायचा. सरकवला, पुन्हा ताण दिला. मशीन वाटीतल्या पाण्यासारखं सरळ! खाली चार पाइप घातले आणि..."

वेल्डरने कप खाली ठेवला.

"कसला पट्टा?"

"अं?"

"मशीन ट्यूबांवर होतं ना? मग पट्टा कशाला बांधलात?"

मी खोकलो. चहाचा ठसका लागला म्हणालो, पण माझा कप केव्हाच रिकामा झाला होता. तेवढ्यात घरची बशी न्यायला बाहेर आली आणि तिने दोन्ही तळहात वेल्डरसमोर धरले. फोड अजून सुकले नव्हते.

"खोटं बोलतायत. साखळी मी ओढली. पट्टा भाऊजींनी सरकवला. आणि हे कोपऱ्यात उभे राहून मलाच विचारत होते, 'भाऊजी तुझ्याकडे बघून हसले का गं?' म्हणून!"