परातीतला कार्बोरेटर

त्या शनिवारी मधुसूदन खानवलकरांनी स्वयंपाकघरातली परात पळवली, तेव्हा कल्पनाताई व्हरांड्यातल्या उन्हात मटार सोलत बसल्या होत्या.

"अहो, कणीक कशात मळू मी? तुमच्या टोपीत?"

"मळ की. आत केस नाहीत, कणकेला काही लागायचं नाही."

"रॉकेलचा वास तेवढा लागेल."

"तुझ्या पोळ्यांना काहीतरी चव येईल."

कल्पनाताईंनी मटाराची एक शेंग त्यांच्या दिशेनं फेकली. ती फियाटच्या टपावर पडली आणि तिथंच राहिली.

इंदिरा नगरातल्या त्या घराच्या फाटकापासून व्हरांड्यापर्यंतची सगळी जागा त्या दुधी रंगाच्या फियाटनं अडवलेली होती. मधुसूदनराव संशोधन संस्थेत नोकरीला लागून सांगलीहून लखनौला आले, त्यानंतर कधीतरी त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. संस्थेतले सहकारी नवनव्या गाड्या घेत गेले, मधुसूदनराव हिलाच दुरुस्त करत राहिले. आता आठवडाभर तिनं नवंच खूळ काढलं होतं. सिग्नलला ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की बंद. मागचे ई-रिक्षावाले जे काही बोलत ते ऐकून निवृत्त शास्त्रज्ञाचे कान लाल व्हायचे.

"हिमे, टॉर्च."

त्यांच्या मुलीनं, हिमानीनं, तपासायचे पेपर बाजूला सारले. चाळिशी उलटलेली, कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवणारी ही बाई त्या दोन शब्दांसरशी उठायची, शाळकरी असताना उठायची तशीच. बॉनेटखाली उजेड धरायचा आणि गप्प उभं राहायचं, हे तिचं काम.

मधुसूदनरावांची पद्धत ठरलेली होती. कार्बोरेटरचा जो भाग सुटेल तो परातीच्या काठाशी ठेवायचा, त्याच्या उजवीकडे पुढचा, त्याच्या उजवीकडे त्याच्या पुढचा. सगळं सुटेपर्यंत परातीत एक गोल पूर्ण व्हायचा. बसवताना तोच गोल उलटा फिरायचा. मधोमध थोडं रॉकेल. हे कधी कागदावर उतरवलेलं नव्हतं, आणि परातीला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

त्यांनी पितळेची एक चिमुकली जेट चिमटीत धरून टॉर्चसमोर नेली. पेट्रोल ज्या केसाएवढ्या भोकातून जातं, त्यातून उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे.

"फुंकर मारायची. नाहीच निघालं तर ब्रशचा एक केस. तार घालायची नाही. भोक मोठं झालं की संपलं." हे ते तिला सांगत होते की स्वतःलाच, हे कळायला मार्ग नव्हता. मग पुण्यातल्या मुलाची आठवण काढत म्हणाले, "अभिरामच्या हातात हे होतं. बारा वर्षांचा असताना उघडला होता पठ्ठ्यानं."

"आणि आतली स्प्रिंग हरवली होती," हिमानी म्हणाली.

"हरवली. पण हात घातला ना."

हिमानीनं टॉर्च या हातातून त्या हातात घेतला. पाना तिच्यापासून वीतभर अंतरावर, मडगार्डवर पडलेला होता.

ऊन कलल्यावर त्यांनी हात पुसले. "उद्या बसवू," म्हणाले. परातीवर वर्तमानपत्र झाकलं आणि मटारभात दोनदा मागून घेऊन जेवले.

रविवारी सकाळी कल्पनाताई चहा घेऊन उठवायला गेल्या, तर ते उठले नाहीत.

तेराव्याला माणसं जेवायची होती, आणि घरात मोठी परात एकच. कल्पनाताईंनी वर्तमानपत्र काढलं. नवऱ्याच्या हातचं शेवटचं काम समोर होतं, काळपट, वास मारणारं. ते तसंच बाजूला लोटणं त्यांना जमेना. लोखंडी तुकडे त्यांनी पुसून एका डब्यात भरले. पितळेचे होते ते समई आणि निरांजनाबरोबर चिंच लावून, पावडरीनं घासून लख्ख केले आणि वाटीत घालून देवघरात ठेवले.

हिमानीनं संध्याकाळी रिकामी, धुतलेली परात पाहिली. गोल मोडला होता.  आत जाऊन तिनं मोरीचं दार लावलं आणि नळ सोडला.

पुण्याहून आलेला अभिराम महिनाभर राहिला. जायच्या आठवड्यात त्यानं बहिणीला गच्चीवर नेलं.

"ताई, चिनहटला रणजित म्हणून एकजण आहे. लग्नांसाठी लॉन चालवतो. त्याला गाडी हवीय. फोटो काढायला उभी करणार."

"म्हणजे?"

"इंजिन काढून टाकणार. बॉनेटमध्ये फुलं लावणार."

हिमानी खाली बघत राहिली. टपावर ती शेंग अजून होती, वाळून काळी पडलेली.

"तू माझ्याकडे असं बघू नकोस," अभिराम म्हणाला, खरं तर ती बघतच नव्हती. "आई रोज सकाळी त्या गाडीसमोर बसते. चहा गार होतो, जेवण राहतं. तू कॉलेजला जातेस, तुला दिसत नाही. चालती गाडी असती तर गोष्ट वेगळी. ही पोट फाडून ठेवलेली. किती दिवस बघायचं तिनं?"

त्याचं खोटं नव्हतं, हेच कठीण होतं.

"चालू झाली तर?"

"कोण करणार?"

हिमानीनं कठड्यावर दोन्ही हात टेकवले.

"रविवारी दुपारी क्रेन येतेय," अभिराम जरा मवाळ होत म्हणाला. "त्याआधी चालू झाली तर ठेव. मी काही बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती डबा आणि वाटी घेऊन निशातगंजच्या गॅरेजमध्ये गेली. म्हाताऱ्या मिस्त्रीनं वाटीत डोकावून हसून मान हलवली. "बिटिया, ये सब अब कौन खोलता है. हमारे तो हाथ भी भूल गए, आँखें भी. डॉक्टर साहब खुद ही कर लेते थे. उन्हीं से करवाइए ना."

"वो नहीं रहे."

मिस्त्रीनं डोक्यावरची टोपी काढली. पण वाटी तिच्याकडेच परत सरकवली.

शनिवारी सकाळी हिमानीनं परात मागितली. कल्पनाताईंनी काही न विचारता दिली. रिकाम्या परातीसमोर डोळे मिटून बसल्यावर मात्र तिला एक गोष्ट कळली: टॉर्च धरणाऱ्याला सगळं दिसत असतं. त्यांचे हात, हातांचा क्रम, मान कुठं वाकडी व्हायची तेसुद्धा. आधी वरचं झाकण. मग फ्लोट. मग सुईचा व्हॉल्व्ह. मग मोठी जेट, मग छोटी. एकेक तुकडा तिनं काठाशी मांडला आणि गोल पुन्हा पूर्ण केला. फाटलेल्या पॅकिंगच्या जागी बाबांसारखंच एका जाड लग्नपत्रिकेतून कापून घातलं. नवरानवरींची नावं कात्रीनं अर्धी झाली.

दुपारी तिनं चोक ओढून किल्ली फिरवली. दोनदा खोकून गाडी सुरू झाली. सगळं घर थरथरलं. आतून अभिराम धावत आला. हिमानीनं हसत ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडी बंद पडली.

पुन्हा सुरू केली. पाय काढला, बंद.

तिनं कार्बोरेटर उतरवला, जेट काढल्या, पेट्रोलमध्ये बुडवून झटकल्या, बसवल्या. पाय काढला, बंद. शेजाऱ्यांकडून चार्जर आणून बॅटरी चार्ज केली, पुन्हा उतरवला, पुन्हा बसवला. तेच. संध्याकाळी तिला पाना आणि स्क्रू यातला फरक दिसेना, तेव्हा अभिराम म्हणाला, "ताई, बास."

"तू जेवून घे," ती म्हणाली.

रविवारी सकाळपासून तेच. पेट्रोलनं बोटांची सालं निघाली होती. क्रम बरोबर होता, फ्लोट तरंगत होता, सुई अडत नव्हती. किल्ली फिरवली की बॅटरी आता कण्हत होती. आणखी फार तर एकदोनदा. आयुष्यभर ती पुस्तकांत माणसांचं कोसळणं वाचत आणि शिकवत आली होती. त्यातल्या कुणाला पाना धरून फाटकाकडे कान लावून बसावं लागलं नव्हतं. देवावर विश्वास नसलेल्या तिनं मनात देवाला काय काय कबूल केलं, ते तिलाच आठवायला नको होतं. बाबांचं एवढंच उरलं होतं, आणि तेही तिच्या हातून बंद पडत होतं, दर वेळी.

कल्पनाताई चहा घेऊन आल्या. फडक्यावर सोन्यासारख्या चमकणाऱ्या दोन जेट होत्या. हिमानीला त्यांची शंकाच आली नव्हती. इतकं लख्ख ते स्वच्छच असणार.

मग तिनं मान वर केली. "आई, टॉर्च दे जरा."

मोठी जेट तिनं उजेडासमोर धरली. ठिपका दिसला. छोटी धरली, पाय काढल्यावर इंजिनला पेट्रोल पुरवणारी ती. काळोख. फुंकर मारली, ब्रशचा केस घालून पाहिला. आत काहीतरी दगडासारखं बसलं होतं. नाकाशी नेल्यावर पेट्रोलच्या मागून एक ओळखीचा आंबट वास आला.

कल्पनाताईंनी तिच्याकडे बघितलं, मग जेटकडे.

"मी घासल्या त्या," त्या म्हणाल्या. "चिंचेनं. आत गेली वाटतं."

हिमानीनं जेट फडक्यावर ठेवली. तिला आईला बोल लावता आला असता.

"मीच बिघडवली का गं त्यांची गाडी?"

"ती आधीच बिघडली होती, आई. म्हणून तर उघडली होती." तिनं बोटं पुसली. "पण पेट्रोलनं निघतच नाहीये हे."

"पेट्रोलनं चिंच कशी निघेल?" कल्पनाताईंच्या आवाजात महिनाभरानं पहिल्यांदा धार आली. "एवढी शिकलीस, कधी भांडं घासलंयस का? गरम पाणी लागतं. दे इकडे."

त्या आत गेल्या, तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजला. क्रेनच्या शेजारी सोनेरी घड्याळ घातलेला, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस उभा होता.

"नमस्ते भाई साहब. चेन आगे से डालें कि पीछे से?" रणजितनं गाडीभोवती प्रेमानं एक चक्कर मारली. "वाह. बोनट में गेंदा लगवाएँगे, देखिएगा, दूल्हा-दुल्हन लाइन लगाएँगे."

अभिरामनं बहिणीकडे पाहिलं. ती बॉनेटखाली पाठमोरी होती.

"थोड़ा रुकिए," तो म्हणाला.

"अरे, पीछे जाम लग जाएगा भाई साहब."

"लगने दीजिए."

कल्पनाताई वाफाळतं पातेलं घेऊन आल्या. पाण्यात जेट खळखळली. हिमानीनं ती चमच्यानं काढली, चटका सोसत ओठांशी धरली आणि फुंकली. तपकिरी गुठळी बाहेर पडली. उजेडासमोर धरल्यावर ठिपका दिसला, केसाएवढा, स्वच्छ.

तिनं जेट बसवली. झाकण, पॅकिंग, स्क्रू. टॉर्च कल्पनाताईंच्या हातात होता. उजेड पडत होता नेमका जिथं हवा तिथंच.

"अभिराम, तू बस आत. मार किल्ली."

बॅटरी कण्हली. थांबली. पुन्हा कण्हली, अगदी शेवटचं, आणि इंजिन पेटलं. अभिरामनं पाय दाबून धरला. फाटकाशी रणजित हातातली साखळी घेऊन तसाच उभा राहिला.

"पाय काढ," हिमानी म्हणाली.

"ताई, बंद पडली तर बॅटरी..."

"काढ."

त्यानं पाय काढला. इंजिन अडखळलं, खाली खाली गेलं, जवळजवळ थांबलंच. हिमानीनं हवेचा छोटा स्क्रू शोधला. या स्क्रूला बाबांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता, अभिरामलाही नाही. तो कानानं फिरवायचा असतो. तिनं किंचित फिरवला, ऐकलं, आणखी किंचित फिरवला. धडपडणारा आवाज हळूहळू सलग झाला. टपावरची वाळलेली शेंग थरथरत घसरली आणि खाली पडली.

"ये तो चल रही है," रणजित कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. अभिराम खाली उतरून त्याच्याकडे गेला.

हिमानी वाकलेलीच राहिली. डाव्या बाजूला, जिथं ती इतकी वर्षं उभी राहायची, तिथं आई टॉर्च धरून उभी होती. आणि ती स्वतः बाबांच्या जागी होती. इंजिनवरून ऊन ऊन हवा तोंडावर येत होती. तिच्या हातातून पाना सुटत नव्हता.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, इंजिनच्याही वर, "मला टॉर्च धरायचा नव्हता हो. कधीच नव्हता. मला पाना हवा होता. तुम्ही द्याल म्हणून मी रोज उभी राहायचे."